साक्षीदार गप्प राहिली

आमच्या कोर्टात माणूस एका भाषेत बोलतो, वकील दुसऱ्या भाषेत विचारतो आणि कागदावर तिसरीच भाषा उमटते. तरी काम कधी थांबत नाही. तारखा पडतात, निकाल लागतात, अकरा वाजता चहा येतो. हे मी ऐकीव सांगत नाही. तेवीस वर्षं झाली, मी त्या कोर्टात लघुलेखक आहे. साहेब सांगतात, मी टाइप करते. वडील याच खात्यात नाझर होते, आजोबा कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. तीन पिढ्या कोर्टाचंच मीठ खाल्लंय, तेव्हा असं बोलायची मला लाज वाटायला हवी. ती आता वाटत नाही. कोर्ट कोणतं ते मात्र सांगणार नाही. यवतमाळ जिल्हा, तेलंगणाकडचा भाग, एवढं पुरे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याला निदान कोर्टातलं बोलणं तरी समजत असणार.

सांगायचं आहे ते डोमाजी टेकामबद्दल. डोमाजी आमचा शिपाई. वय चोपन्न, अंगानं किरकोळ, कपाळावर लहानपणीची खोक. सरकारी बूट त्याला मिळतात, पण ते कपाटात असतात. नवे साहेब रुजू झाले की चार दिवस घालतो, मग पुन्हा चपला. सकाळी पाणी भरायचं, फायली लावायच्या, साहेबांसाठी दार उघडायचं आणि व्हरांड्यात उभं राहून पुकारा करायचा. नावं पुकारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आमचे बाबू लोक कोलाम आदिवासींची नावं अशी लिहितात, की आपल्याला बोलावलंय हे त्या माणसालाही कळू नये. डोमाजी कागद बघतो, नाकातल्या नाकात हसतो आणि खरं नाव पुकारतो.

तो स्वतः कोलाम. मुकुटबनच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं पोड. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात हे आमच्या कोर्टातल्या निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही. कुणी तांडा लिहितो, कुणी झोपडपट्टी. बाप बांबूच्या टोपल्या विणायचा. पोराला त्याने आश्रमशाळेत घातलं. तिथे कोलामीत बोललं की मार. कपाळावरची खोक तिथलीच.

"पानी मांगलं होतं मॅडम," एकदा त्याने मला सांगितलं. "कोलामीत मांगलं. गुर्जीनं पट्टी फेकून मारली."

"मग?"

"मंग काय. मराठीत मांगलं. तवा भेटलं."

सातवीपर्यंत असा मार खात तो मराठी शिकला आणि मजुरीला लागला. आमच्या कोर्टाच्या कंपाउंडची भिंत बांधायचं काम चालू होतं, त्यावर तो गारा कालवायला होता. आत एका म्हाताऱ्या कोलामाची साक्ष. म्हाताऱ्याला मराठी येईना, वकिलांना कोलामी येईना, तेव्हाचे साहेब वैतागलेले. कुणीतरी म्हणालं, बाहेर भिंतीवर एक पोरगा आहे. डोमाजीला हात धुवायलाही वेळ न देता आत आणलं. सिमेंटच्या हातांनी तो पिंजऱ्याशेजारी उभा राहिला आणि दोन तासांत साक्ष संपली. साहेब खूश झाले. पोरगा रोजंदारीवर पाणी भरायला ठेवला. आठ वर्षांनी शिपाई म्हणून कायम झाला.

म्हणजे बघा, त्याला नोकरी लागली ती कोलामीमुळे. पण नोकरीत कोलामी कुठेच नाही. सव्वीस वर्षांत त्याने किती साक्षी केल्या असतील याची मोजदाद नाही, कारण एकाही साक्षीवर तो नाही. दुभाष्याला आधी शपथ द्यावी लागते, त्याचं नाव साक्षीवर घ्यावं लागतं. आमच्याकडे साहेब म्हणतात, "डोमाजींना बोलवा," आणि डोमाजी हातातली चहाची किटली खिडकीत ठेवून येतो. संपलं की किटली उचलतो.

त्याची एक रीत होती. साक्षीदार उभा राहिला की प्रश्न विचारायच्या आधी तो त्याच्याशी दोन मिनिटं बोलायचा. कोणतं पोड, कुणाचं घर, कोणते देव. वकिलांना याचा भारी राग. गप्पा मारू नको, विचारलं तेवढं विचार. मी पण एकदा म्हटलं, "डोमाजी, कशाला उगाच बोलणी खाता?"

"त्याले आंधी समजलं पाह्यजे ना, मी त्याचा कोण लागतो ते," तो म्हणाला. "नाईतं तो मले कायले खरं सांगन?"

माझ्या डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही. मी टाइप करत बसले होते. तीन वर्षांपूर्वी मीच त्याचा एक अर्ज लिहून दिला, की कोलामी दुभाष्याचं पद निर्माण करावं आणि माझा विचार व्हावा. अर्ज वर गेला आणि सात महिन्यांनी इंग्रजी शेरा घेऊन खाली आला. मी त्याला वाचून दाखवलं: असे पद मंजूर नाही. तो म्हणाला, "पद नाई, पन काम त रोजच हाय." आणि गेला पुकारा करायला.

आता सुखीबाई.

सुखीबाई टेकाम, चाळिशीची, दुसऱ्या पोडावरची. आडनाव एकच म्हणून कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. त्या भागात निम्मे लोक टेकाम. तिचा नवरा भीमा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. मूलबाळ नाही. मागे राहिलं तीन एकर वावर, ज्यात ती आणि भीमा चौदा वर्षं राबले. भीमाचा धाकटा भाऊ सोमा मुकुटबनला राहतो, मराठी फाडफाड बोलतो. त्याने शपथपत्र केलं की भीमा अविवाहित वारला आणि वारस मी एकटाच. तलाठ्याकडे नाव चढलं. सुखीबाईला त्याने सांगितलं, तू भीमाकडे मजूर म्हणून होतीस, आता निघ.

तिने दावा टाकला. मागणं एकच, मी भीमाची लग्नाची बायको आहे असं कोर्टानं म्हणावं. ते म्हटलं तर वावर राहणार, नाही म्हटलं तर ज्या घरात चौदा वर्षं चूल पेटवली त्या घरातून ती बाहेर. लग्न पोडावर झालेलं, रीतीप्रमाणे. फोटो नाही, पत्रिका नाही, नोंद नाही. पोडाचा प्रमुख, ज्या नाईकाने लग्न लावलं, तो मेला. पोडावरचं दुसरं कुणी पिंजऱ्यात उभं राहायला धजेना. राहिली तिची स्वतःची साक्ष.

तिची वकील भैरवी, विधी सेवेकडून मिळालेली, दोन वर्षांची सनद, पण कष्टाळू पोरगी. सुखीबाईला मराठी म्हणजे बाजारापुरती: कितीचं, नको, उद्या. तेव्हा भैरवीने तिच्या शेजारच्या अंगणवाडी मदतनीस मोतीबाईला मध्ये घालून सगळी हकिगत लिहून घेतली होती. समोर चारुदत्त वकील. तीस वर्षांची वकिली, इंग्रजी अस्खलित, घरी आमचं येणंजाणं. साहेब नवे, तरुण, नम्र, शिपायालाही अहोजाहो करणारे, रात्री आठपर्यंत काम करणारे. वाईट माणूस नव्हे. वाईट असते तर राग करायला सोपं गेलं असतं.

उलटतपासाचा दिवस होता. साडेदहाला मी व्हरांड्यातून आत जात होते, तर सुखीबाई सोमाला धारेवर धरत होती. काय बोलत होती मला कळत नव्हतं, पण आवाज थेट झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जात होता. सोमा खाली मान घालून मोबाइल बघत होता. लोक हसत उभे, चारुदत्त वकीलही बघत होते. इतक्यात रेकॉर्ड रूममधून फायलींचा गठ्ठा घेऊन डोमाजी आला. सुखीबाई मधल्या मध्ये थांबली. पदर कपाळाच्या खाली आला, चपला काढल्या आणि ती खांबाकडे तोंड करून उभी राहिली. डोमाजीनेही मान वळवली आणि भिंतीकडेनं निघून गेला.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. आणि माझ्या टेबलावर जाऊन कागद लावले.

थोड्या वेळाने डोमाजी मोठ्या बाबूंपुढे उभा. "साहेब, आज त्या बाईची साक्ष माह्याकडून होत नाई. दुसरं मानूस पाहा."

"काहून?"

"नातं लागते."

"तुझं अर्ध्या तालुक्याशी नातं लागते. काम आलं की नाटकं सुरू."

झालं. कोणतं नातं, हे विचारायलाही बाबूंना सवड नव्हती.

कोर्ट बसलं. सुखीबाई पिंजऱ्यात. भैरवी म्हणाली, मोतीबाई हजर आहे, तिला शपथ देऊन दुभाषी म्हणून घ्यावं. चारुदत्त वकील उठले. ही बाई वादीच्या शेजारची, वादीच्या बाजूची, हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? कोर्टाचा स्वतःचा माणूस असताना बाहेरचा कशाला? साहेबांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं, वरून बघितलं तर. उंटावरून बघितलं की सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात.

"डोमाजींना बोलवा."

डोमाजी आला. नेहमीसारखा पिंजऱ्याजवळ गेला नाही. चार हात लांब, खिडकीपाशी उभा राहिला. पोड विचारलं नाही, देव विचारले नाहीत. चारुदत्त वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, "भीमाशी तुमचं लग्न कधी आणि कुठे झालं?" डोमाजीने फरशीकडे बघत कोलामीत चार शब्द उच्चारले. सुखीबाई गप्प. तोंड भिंतीकडे, पदर हनुवटीपर्यंत.

"पुन्हा विचारा," साहेब म्हणाले.

पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा विचारताना डोमाजीचा आवाज मला ऐकू आला नाही, इतका तो खाली गेला होता.

चारुदत्त वकील हसून म्हणाले, "साहेब, तासाभरापूर्वी हीच बाई व्हरांड्यात माझ्या अशिलाला शिव्या घालत होती. सगळ्या गावाने ऐकलं. लग्नाचं विचारलं की वाचा बसते. बसणारच. नसलेल्या लग्नाची तारीख कुठून आणणार?"

भैरवी बावरली. तिलाही कळेना, मोतीबाईजवळ धडाधडा सांगणारी बाई आज काय झाली. साहेबांनी माझ्याकडे वळून मजकूर सांगायला सुरुवात केली. इंग्रजीत. साक्षीदारास लग्नाबाबत तीन वेळा विचारण्यात आले. साक्षीदार गप्प राहिली.

मी टाइप केलं.

तेव्हा डोमाजी बोलला. सव्वीस वर्षांत तो स्वतःचं म्हणून कोर्टात पहिल्यांदा बोलला.

"साहेब, ते माह्यासमोर नाई बोलत. ते भावसून होय माही."

भावसून म्हणजे धाकट्या भावाची बायको. आणि नवऱ्याचा मोठा भाऊ तो भासरा. आमच्या विदर्भात हे कुणाला सांगावं लागत नाही. माझी आई माझ्या थोरल्या काकांपुढे कधी खुर्चीवर बसली नाही. आमच्यात ते सैल झालं, डोमाजीकडे नाही. भीमा आणि डोमाजी सख्खे नव्हेत, पण देव एक, म्हणजे कूळ एक, म्हणून भाऊ, आणि डोमाजी वयाने मोठा. भासऱ्याच्या कानावर भावसुनेचा आवाज पडायचा नाही, ही त्यांची रीत. धाकट्या दिराला ती वाटेल ते बोलू शकते. सोमाला बोललीच होती.

"आमच्यात अशा वक्ती मधात तिसरं मानूस ठेवते," डोमाजी म्हणाला. "मोतीबाईले मधात उभं करा. ते तिच्या कानात सांगन, मोतीबाई मले सांगन, मी तुमाले सांगतो."

"म्हणजे दुभाष्याला दुभाषा?" चारुदत्त वकील म्हणाले आणि कोर्ट हसलं. बाकावरचे वकील हसले, बाबू हसले, साहेबांनी ओठ दाबले. आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले.

डोमाजी नाही हसला. तो दोन पावलं पुढे आला. "साहेब, ते बायको नसती भीमाची, त मी तिचा भासरा कायचा? मजूर बाई मले कायले लाजन? ते चूप हाय, तेच त उत्तर होय. तुमच्या समोर उभं हाय."

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. माझी बोटं की-बोर्डवर होती. मला वाटलं, आता साहेब म्हणतील, घ्या हे. एक ओळ. दुभाष्याने सांगितले की साक्षीदार त्याच्या भावाची पत्नी असून रीतीमुळे त्याच्यासमोर बोलत नाही. एवढ्या एका ओळीने त्या बाईचं घर वाचलं असतं.

साहेब म्हणाले, "डोमाजी, तुम्ही दुभाषी आहात, साक्षीदार नाही. विचारलं तेवढंच सांगा."

"विचारलं तेच सांगून राह्यलो साहेब. तुमी विचारलं लगन झालं का. झालं म्हनून चूप हाय."

"हे रेकॉर्डवर घेऊ नका, मॅडम."

मी घेतलं नाही.

चारुदत्त वकिलांनी लगेच पलटी मारली. हा शिपाई वादीचा नातलग आहे असं तो आता स्वतःच म्हणतो, तेव्हा याचं काहीच धरू नये. म्हणजे बघा ताल. मोतीबाई वादीची म्हणून नको आणि डोमाजी कोर्टाचा म्हणून हवा. डोमाजीने खरं सांगितलं की तोही वादीचा म्हणून नको. मात्र त्याच डोमाजीने विचारलेल्या प्रश्नाला बाई गप्प राहिली, तेवढं तेवढं धरायचं. भैरवीने दुसऱ्या दुभाष्यासाठी तोंडी विनंती केली. दावा जुना होत चाललाय, वादी वेळ काढते आहे, म्हणून नामंजूर.

मग शेवटचा भाग. प्रत्येक साक्षीच्या खाली एक ओळ असते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये ती कायमची भरलेली आहे, एक बटण दाबलं की येते. तिचा अर्थ असा: वरील साक्ष साक्षीदारास तिच्या भाषेत वाचून दाखवली, समजावून सांगितली व ती बरोबर असल्याचे तिने मान्य केले. दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे, साक्षीदाराला न येणाऱ्या भाषेत साक्ष लिहिली तर ती त्याच्या भाषेत त्याला सांगायची. कायदा करणाऱ्यांना कळत होतं. आम्ही त्याचं एक बटण केलं.

मी बटण दाबलं. जी बाई एक शब्द बोलली नव्हती, तिची साक्ष तिला वाचून दाखवली गेली आणि ती बरोबर असल्याचं तिने मान्य केलं. खाली अंगठ्याची जागा. एरवी अंगठा घ्यायचं काम डोमाजीचं. त्या दिवशी तो तिला शिवू शकत नव्हता. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही घ्या. मी तिचा हात धरला, शाईवर दाबला, कागदावर दाबला. कापूस वेचून बोटांच्या टोकांना चिरा पडलेल्या होत्या, त्यात शाई शिरली. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, बाईमाणूस आहे, काहीतरी बरं करत असेल.

त्या संध्याकाळी घरी मी भांडी आपटत स्वयंपाक केला. कुणावर चिडू? चारुदत्त वकिलांनी त्यांचं काम केलं, साहेबांनी नियम पाळला, बाबूंना सवड नव्हती, आणि मी तर काय, सांगितलेलं टाइप करणारी. सगळे आपापल्या जागी बरोबर आणि एक बाई घराबाहेर. अशा बरोबर असण्याला आग लावावी. तेवीस वर्षं मी कोलामांच्या साक्षी टाइप केल्या आणि मला त्या भाषेत साधं पाणी मागता येत नाही. ज्या गुरुजींनी पट्टी फेकली त्यांना मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या. पण त्यांनी पोराला निदान मराठी तरी शिकवली. मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी मी भैरवीला व्हरांड्यात गाठलं. स्टाफने वकिलाला असं काही सांगायचं नसतं, पण मी सांगितलं: डोमाजीलाच साक्षीदार म्हणून बोलाव. तिने त्याच दिवशी अर्ज दिला. अर्ज नामंजूर. कारणं व्यवस्थित दिलेली होती: सदर इसमाचे नाव साक्षीदारांच्या यादीत नाही, सदर इसम साक्षीच्या वेळी कोर्टात हजर होता, सदर इसम कोर्टाचा कर्मचारी आहे. सदर इसम तेव्हा दाराशी उभा राहून पुढच्या दाव्याचा पुकारा करत होता. ते कारणही मीच टाइप केलं.

मोठ्या बाबूंनी डोमाजीला वेगळं झापलं. साहेबांसमोर तोंड चालवतो, रिटायर व्हायला सहा वर्षं राहिली, समजत नाही का? डोमाजी ऐकून घेत होता. मग एवढंच म्हणाला, "समजते साहेब. मले चार भाषा समजते."

निकाल चार महिन्यांनी लागला. चौदा पानं, इंग्रजी. अकराव्या पानावर आहे: वादीला लग्नाबाबत थेट व साधा प्रश्न तिच्याच भाषेत तीन वेळा विचारण्यात आला. ती गप्प राहिली. कोर्टाबाहेर ती मोकळेपणाने बोलत होती, हे तिच्या वकिलांनी नाकारलेले नाही. सबब तिच्या मौनाचा अर्थ तिच्याविरुद्ध घ्यावा लागतो. वादी ही मयत भीमाची विवाहित पत्नी असल्याचे शाबीत होत नाही. दावा रद्द.

तिच्याच भाषेत. हे दोन शब्द टाइप करताना माझा हात थांबला. साहेबांनी वर बघितलं, "काही चुकलं का मॅडम?" मी म्हटलं, "नाही साहेब." अपील करता येतं, भैरवी करणारही आहे. पण वरचं कोर्ट काय बघणार? कागद बघणार. आणि कागदावर ती गप्प आहे, अंगठ्यासकट.

आठवड्याने सुखीबाई नक्कल घ्यायला आली. सोबत मोतीबाई. भैरवीने झाडाखाली उभं राहून मराठीत सांगितलं, मोतीबाईने कोलामीत. मी खिडकीतून बघत होते. सुखीबाईने ऐकून घेतलं. एकदा काहीतरी विचारलं, मोतीबाईने पुन्हा सांगितलं. मग नक्कल हातात घेऊन ती तडक कोर्टाच्या मागच्या बाजूला निघाली. मागे पाण्याची टाकी आहे. डोमाजी नळाखाली कॅन भरत होता.

मी उठून मागच्या दारात गेले. सुखीबाई त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. दोन हातांवर. चपला पायात. पदर तिने स्वतःच्या हाताने डोक्यावरून खाली ओढला आणि खांद्यावर टाकला. आणि बोलायला लागली. व्हरांड्यात सोमाला बोलली होती तसं ओरडून नव्हे. हळू, एकेक शब्द ठेवत. नक्कल त्याच्या तोंडासमोर धरली. थांबली. पुन्हा बोलली. कॅन भरून पाणी वाहायला लागलं, तरी त्याने नळ बंद केला नाही. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि टाकीच्या भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभा राहिला. ती किती वेळ तरी तिथेच उभी होती. मग मोतीबाईने तिचा हात धरला आणि दोघी मुकुटबनच्या गाडीसाठी निघून गेल्या.

मी जाऊन नळ बंद केला. "डोमाजी, काय म्हणाली ती?"

तो भिंतीकडेच बघत होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसत नव्हता.

"म्हने, कोर्टानं लिहून देलं, मी भीमाची कोनी नाई. मंग तूई माहा भासरा नाई. आता कायची लाज? आता बोल माह्याशी. ह्या कागदात काय काय लिवलं ते तूच सांग मले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

डोमाजी माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"कसा बोलू मॅडम? भावसून होय ते माही!"